धरणाची वही आणि कॉलेजची वाट

माझ्या लेकाचं नवं वर्ष १ जूनला सुरू होतं, कारण कोयना धरणाचं तांत्रिक वर्ष, म्हणजे पाण्याच्या हिशेबाचं वर्ष, त्या दिवशी बदलतं. त्या सकाळी तो नवी दोनशेपानी वही काढतो आणि पट्टीने रकाने आखतो: तारीख, कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस, पाणीसाठा, आवक, विसर्ग. पाचवीत असताना त्याने पेपरातले हे आकडे उतरवायला सुरुवात केली. आता तो साताऱ्यातच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो ऑटिस्टिक आहे.

ज्यांच्या घरात असं आठवी-नववीतलं मूल आहे आणि ज्यांना ‘पुढे काय’ या प्रश्नाने झोप लागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्हाला वाट दाखवणारं कुणी नव्हतं. जे धडपडत कळलं ते इथे क्रमाने मांडते. तुमच्या मुलाचा छंद धरणाचा नसेल. एसटीचा असेल, किल्ल्यांचा असेल, कासच्या फुलांचा किंवा पंख्यांचा असेल. पायऱ्या बऱ्याचशा त्याच आहेत.

एका शब्दाबद्दल आधी सांगते. सरकारी कागदांत ‘स्वमग्न’ असं लिहिलेलं असतं. मला तो शब्द पटत नाही. माझा मुलगा स्वतःत मग्न नसतो, तो पावसात मग्न असतो. म्हणून मी ऑटिस्टिक म्हणते. तुमच्या मुलाला कुठला शब्द आवडतो हे त्यालाच विचारा.

आधी महिनाभर नुसतं बघा

छंद म्हणजे नुसता विषय नसतो. त्या विषयात मूल नेमकं काय करतं, हे बघायचं. एका साध्या वहीत रोज दोन ओळी लिहा: आज किती वेळ रमला, काय करत होता, कुठे अडला, कुणाला काय सांगत होता. सल्ला देऊ नका, सुधारणा करू नका. महिनाभर फक्त नोंद.

मला वाटायचं, लेकाला धरण आवडतं. म्हणून मी त्याला कोयनानगरला नेलं. त्याने धरणाकडे मिनिटभर पाहिलं आणि ‘घरी जाऊया’ म्हणाला. वहीतल्या नोंदी पुन्हा वाचल्या तेव्हा लक्षात आलं: त्याला पाण्याची भिंत बघायची नव्हती. त्याला तक्ता भरायचा होता, तक्त्यातली चूक शोधायची होती, आणि कालच्या आकड्यावरून आजचा अंदाज बांधायचा होता. म्हणजे खरी ओढ आकड्यांच्या चालीची. धरण हे त्याचं निमित्त.

हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण कॉलेजचा विषय याच्यावरून ठरतो. एसटी आवडणारी दोन मुलं घ्या. एकाला गाडीचं इंजिन हवं असतं, त्याची वाट आयटीआय किंवा डिप्लोमाकडे जाते. दुसऱ्याला वेळापत्रक पाठ असतं, मेढ्याची गाडी उशिरा आली तर पुढच्या कुठल्या गाड्या चुकतील हे तो सांगतो. त्याला गणित, कॉमर्स, कॉम्प्युटर जवळचं. ‘याला एसटीचं वेड आहे’ एवढ्यावर थांबलात तर दोघांनाही एकाच रांगेत उभं कराल.

महिना संपला की मुलाजवळ बसा आणि तुमच्या नोंदी त्याला दाखवा. ‘मला असं दिसलं, बरोबर आहे का?’ असं विचारा. माझ्या लेकाने माझ्या नऊ नोंदी खोडल्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या लिहिल्या. त्याच सगळ्यात उपयोगाच्या ठरल्या. जी मुलं बोलत नाहीत किंवा कमी बोलतात त्यांच्यापुढे फोटो, चित्रं, दोन पर्याय ठेवा. बोट दाखवणं हेही उत्तरच.

छंद माळ्यावर टाकू नका

ही आमची चूक, आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. दहावीच्या सुरुवातीला एका शिकवणीतल्या सरांनी सांगितलं, ‘वह्या बंद करा, परीक्षा झाली की द्या.’ आम्ही ऐकलं. भर जुलैत, धरण भरत असताना, वह्या माळ्यावर गेल्या. पंधरा दिवसांत पोराची झोप उडाली, जेवण वरण-भातावर आलं, आणि घटक चाचणीत गणिताचा पेपर त्याने अर्धा कोरा दिला. ज्या मुलाला टीएमसीचं लिटरमध्ये रूपांतर तोंडी येतं, त्याचा गणिताचा पेपर कोरा!

वह्या खाली आल्या. त्यानंतर आम्ही वेळ बांधली: सकाळी आकडे उतरवायला वीस मिनिटं, संध्याकाळी आलेख काढायला अर्धा तास. हा वेळ अभ्यास झाला तर मिळणार, नाही झाला तर नाही, असं अजिबात ठेवलं नाही. भाकरीसारखा रोजचा. ऑटिस्टिक मुलांच्या दिवसात शाळा, आवाज, माणसं यांनी जी ओढाताण होते ती हा वेळ भरून काढतो. तो हिसकावून घेतलात की अभ्यासाला बळ उरत नाही.

मग अभ्यासालाच छंदाच्या बाजूने आणता येतं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. घातांक शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण कुठलं? भूगोलात पर्जन्यछाया हा धडा आला तेव्हा तो स्वतःहून उठला आणि वही घेऊन आला. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, असं का, हा प्रश्न त्याने सहावीत विचारला होता. उत्तर त्याला दहावीच्या आधीच हवं होतं, आम्हीच उशीर केला.

घरी करता येण्यासारखं असेल तर करून बघा. आम्ही गच्चीवर सरळ कडांचा डबा ठेवला, भिंतीपासून आणि झाडापासून लांब. रोज सकाळी ८:३०ला पट्टीने पाणी मोजायचं, कारण हवामान खातं पावसाचा दिवस त्याच वेळी मोजतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपला आकडा आणि पेपरातला साताऱ्याचा आकडा वेगळा का येतो, यावर आमच्या घरात अख्खा श्रावण वाद झालेत.

नववीतच कागद हातात घ्या

आता कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग. बहुतेक घरं दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी जागी होतात. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो. नववीच्या पहिल्या सत्रात सुरुवात करा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि ऑटिझम त्यात आहे. बहुतेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लागतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा, आणि आधारवरचं नाव व शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आधी बघा. आमच्याकडे आधारवर वडिलांचं नाव एका वेलांटीने वेगळं होतं आणि त्यात दोन महिने गेले.

अर्जानंतर तपासणी. आपल्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालयात, म्हणजे सगळे ज्याला सिव्हिल म्हणतात तिथे. ऑटिझमसाठी आयएसएए नावाची भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० किंवा जास्त आली तर ऑटिझम धरतात. डॉक्टर मुलाला थोडाच वेळ बघतात, म्हणून बाकीचं तुमच्या तोंडून यावं लागतं. इथे आयांची एक गोष्ट होते, माझीही झाली: आपण मुलाची बाजू सावरतो. ‘नाही हो, तो करतो सगळं, जरा वेळ लागतो इतकंच.’ असं म्हणू नका. तो काय करतो, कुणाच्या मदतीने करतो, मदत नसेल तर काय होतं, हे तिन्ही लिहून न्या. लहानपणापासूनचे रिपोर्ट, थेरपीच्या नोंदी, शाळेतल्या बाईंचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा.

दवाखान्याचा दिवस मुलाला आधीच कळू द्या. आम्ही आदल्या आठवड्यात नुसतं फाटकापर्यंत जाऊन आलो. रांग, बाक, पंख्याचा आवाज यांचे फोटो दाखवले. वाट बघायला लागेल हे सांगितलं, पण ‘दहा मिनिटं’ असं खोटं सांगितलं नाही. पाणी, खायला चिवडा, आवाज कमी करणारे हेडफोन आणि जुनी धरणाची वही. साडेतीन तास तो त्या वहीवर बसला.

कार्ड आलं की त्यावर मुदत लिहिली आहे का बघा आणि ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने करा.

दहावी-बारावीच्या सवलती

सातारा, सांगली, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत तिकडे जातो, आपण परस्पर पाठवून चालत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना नववीतच भेटा. तोंडी सांगून येऊ नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

जादा वेळ तासाला २० मिनिटं. तीन तासांचा पेपर असेल तर एक तास वाढतो. गरज असेल तर लेखनिक घेता येतो. गणित, भाषा अशा विषयांबाबतही सवलती आहेत, पण त्या घेताना थांबून विचार करा. सोपं गणित घेतलं की दहावी सुटते, पण सायन्स, डिप्लोमा, संख्याशास्त्र हे दरवाजे अरुंद होतात. ज्या मुलाची ओढ आकड्यांकडे आहे आणि अडचण फक्त वेळेची किंवा हाताच्या वेगाची आहे, त्याला वेळ मागा, गणित सोडू नका. उलट गणितानेच मूल रडत असेल आणि त्याचं मन चित्रकलेत असेल, तर ती सवलत बिनदिक्कत घ्या. शेजारची मावशी काय म्हणेल याचा इथे काही संबंध नाही.

लेखनिक घेणार असाल तर सराव हवाच. उत्तर मनात असणं आणि ते दुसऱ्याला सांगून लिहून घेणं ही दोन वेगळी कामं. आम्ही दिवाळीपासून दर रविवारी एक पेपर केला. शेवटी लेकाने लेखनिक नाकारला. ‘ती माझे आकडे वाकडे काढते’ म्हणाला. फक्त वेळ घेतला. त्याचं ऐकलं ते बरं झालं.

अकरावी: गुणांवरून नाही, दिवसावरून ठरवा

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात. फॉर्म भरताना दिव्यांग राखीव जागेचा रकाना विसरू नका, प्रमाणपत्र अपलोड करा, पसंतीक्रम मुलासोबत बसून भरा.

शाखा ठरवताना आम्ही गुण बाजूला ठेवले आणि दिवस डोळ्यांपुढे आणला. सायन्स म्हणजे प्रॅक्टिकल, लॅबमधले वास, काचेचे आवाज, बॅचमधली पाच-सहा मुलं, वर बाहेरचा क्लास. कॉमर्समध्ये बसून लिहिणं जास्त. आर्ट्सला वाचन आणि मोठी उत्तरं. तुमच्या मुलाचं अंग कुठला दिवस पेलेल? माझ्या लेकाने सायन्स घेतलं, गणित आणि भूगोल ठेवून बायोलॉजी सोडलं. बेडकाची नुसती चित्रं बघूनही तो थरथरायचा.

रोज कॉलेजात जाणं जमणारच नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयही आहे, त्यात विषय हळूहळू, सुटे सुटे देता येतात. पुढे पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. या वाटांना लोक ‘राहून गेलेल्यांच्या’ वाटा समजतात. तसं नाही. कोरेगावकडची एक मुलगी मला माहीत आहे, ती घरी बसून मुक्त विद्यापीठातून शिकते आणि दुपारी पैठणीच्या नक्षीची चित्रं काढून विकते. कॉलेजच्या वर्गात ती एक महिनाही टिकली नसती, आणि तिने तो महिना वाया घालवला नाही.

कॉलेज दोनदा बघा

एकदा मे महिन्यात, रिकामं असताना. वर्ग कुठे, जिना कुठे, स्वच्छतागृह कसं आहे, ऑफिसची खिडकी कुठली. मुलाला फोटो काढू द्या. दुसऱ्यांदा चालू सत्रात, सकाळी साडेदहा-अकराला, गर्दीत. घंटा किती मोठी वाजते? वर्गात किती मुलं बसतात? मधल्या सुट्टीत पोरं कुठे जमतात आणि कुठे कुणी नसतं? ती न जमण्याची जागा आधी शोधून ठेवा. आमची जागा निघाली ग्रंथालयातलं मागचं टेबल.

साताऱ्यात एक गोष्ट पहिल्याच भेटीत विचारा: परीक्षा कोण घेतं? छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज ही रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं मिळून २०२१ साली कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. शहरातली बाकी बरीच कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणजे जादा वेळेचा अर्ज कुठल्या टेबलावर जाणार हे कॉलेजवर अवलंबून. बारावीला बोर्डाने वेळ दिला म्हणून इथे आपोआप मिळेल असं धरून बसू नका. प्रवेशाच्या आठवड्यातच अर्ज द्या, आणि प्रत्येक सत्राला तो पुन्हा लागतो का ते विचारून घ्या.

कायदा तुमच्या बाजूला आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. मूल एखादं वर्ष थांबलं तर आभाळ कोसळत नाही, हे त्या सूटवरून समजा. पैशाचंही बघा: अकरावीपासून पुढे केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करता येतो.

एका पानाचं पत्र

प्राचार्यांपुढे मोठी फाइल ठेवू नका. कुणी वाचत नाही. एक पान, आणि शक्य असेल तर मुलाच्याच शब्दांत. माझ्या लेकाचं पत्र त्याच्या परवानगीने देते:

‘मी ऑटिस्टिक आहे. मला शिकायला आवडतं. माझा वर्ग अचानक बदलला तर मला त्रास होतो, आदल्या दिवशी सांगितलं तर होत नाही. मी बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही पण ऐकत असतो. सगळ्यांसमोर अचानक प्रश्न विचारला तर उत्तर माहीत असूनही येत नाही, कागदावर विचारा. आवाज फार झाला तर मी दहा मिनिटं बाहेर जातो आणि परत येतो. मला पाऊस आणि धरणं यांबद्दल खूप माहिती आहे.’

शेवटचं वाक्य त्याने स्वतः घातलं. मी खोडणार होते, खोडलं नाही. भूगोलाच्या सरांनी पत्रातलं नेमकं तेच वाक्य धरलं.

पत्रासोबत तीनच मागण्या ठेवा: वेळापत्रक आधी मिळावं, एक ठरावीक शिक्षक विचारायला असावा, आणि बाहेर जायची मुभा असावी. यातली एकही खर्चाची नाही. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर पत्राची प्रत तिथेही द्या. वर्गातल्या मुलांना काय सांगायचं, किती सांगायचं, हे मात्र मुलानेच ठरवावं. आपण वर्गात उभं राहून भाषण देऊ नये.

जाणं-येणं

कॉलेज सुटतं ते बऱ्याचदा अभ्यासाने नाही, प्रवासाने. म्हणून याला मी बारावीनंतरची अख्खी सुट्टी दिली.

पहिला आठवडा मी शेजारी बसले. दुसरा आठवडा मी दोन सीट मागे. तिसरा, त्याच गाडीत पण पुढच्या दाराशी. चौथा, मी स्टँडवर आणि तो एकटा, आणि पलीकडे त्याचे बाबा. मग दोघंही घरी. प्रत्येक टप्पा तो ‘पुढे’ म्हणेपर्यंत हललो नाही. तिसऱ्या टप्प्याला आठवड्याऐवजी तीन आठवडे लागले.

गाडी नेहमीसारखी आली तर सगळ्यांनाच जमतं. सराव करायचा तो बिघाडाचा. एसटी आलीच नाही तर? पोवई नाक्याला गर्दीत उतरायला मिळालं नाही तर? फोन बंद पडला तर? सुट्टे नसले तर? आम्ही हे प्रसंग घरी बसून लिहिले, प्रत्येकाखाली दोन पायऱ्या. ते कार्ड अजून त्याच्या खिशात असतं, मागच्या बाजूला दोन फोन नंबर. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड वेगळ्या पाकिटात, पटकन निघेल असं. कंडक्टरने जोरात विचारलं तर पोरगं गोठतं, म्हणून न बोलता कार्ड पुढे करायचं हेही शिकवलं.

पहिलं सत्र

पहिल्या सत्रात काहीही जादा लावू नका. ना क्लास, ना गॅदरिंग, ना स्पर्धा. दुपारी घरी आला की दोन तास कुणी बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम होता, पाहुणे आले तरी. हजेरी साधारण ७५ टक्के लागते, तेव्हा ज्या दिवशी जमणारच नाही असे दिवस जपून वापरा आणि त्या ठरावीक शिक्षकांना त्याच दिवशी कळवा.

तोंडी परीक्षा आणि सादरीकरण ही खरी अडचण. लेखी उत्तर चालेल का, किंवा सगळ्या वर्गाऐवजी एकट्या शिक्षकांसमोर चालेल का, हे सत्राच्या सुरुवातीला विचारा, आदल्या दिवशी नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांक (क्रेडिट) साठवता येतात, एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येतं आणि परतही येता येतं. एखादा विषय राहिला म्हणजे पोरगं संपलं नाही. लेकाचा इंग्रजीचा पेपर पहिल्या सत्रात राहिला. पुढच्या सत्रात निघाला.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे का विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती रीत याच मातीत रुजवली. ग्रंथालयात पुस्तकं क्रमाने लावणं, नोंदवही ठेवणं, हे काम बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना मनापासून आवडतं, आणि हातात स्वतःचे पैसे येतात. माझा लेक दुसऱ्या सत्रापासून आठवड्यातून चार दिवस तासभर ते करतो. पहिल्या पैशांतून त्याने वडिलांसाठी कंदी पेढे आणले आणि स्वतःसाठी पावसाचं खरं मापन-पात्र घ्यायला बाकीचे साठवले.

अठरा पूर्ण झाल्यावर

अठराव्या वाढदिवसाला कायद्याने मूल सज्ञान होतं. बँकेत आणि दवाखान्यात तुमची सही पुरेशी राहत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं. खूप जण सांगतील की लगेच घेऊन टाका. मी घेतलं नाही. ज्याला आपला निर्णय समजतो आणि मदतीने घेता येतो, त्याचा हक्क आपण आधीच का काढून घ्यायचा? ज्या मुलांना आयुष्यभर आधार लागणार आहे त्यांच्या आईवडिलांनी मात्र हे लांबवू नये. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. ती दोन्ही प्रकारच्या घरांनी घ्यावी. आणि मतदार यादीत नाव घाला.

छंदाची माणसं शोधा

हे शेवटी लिहितेय, पण खरं तर आठवीपासूनच करायचं आहे. आपण आईवडील छंदाला पुरत नाही. मला आवक आणि विसर्ग यांतला फरक कळतो, त्यापुढचं कळत नाही. मुलाला असं एखादं माणूस हवं ज्याला त्याच्या विषयात खरोखर रस आहे, जो ‘वा, हुशार आहेस’ म्हणून पाठ थोपटत नाही तर ‘ही नोंद चुकली आहे’ म्हणून वाद घालतो. शोधा: नगर वाचनालयातले नेहमीचे वाचक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारी, कॉलेजातले प्राध्यापक, गावातले पाऊस मोजणारे शेतकरी. पहिल्या भेटीला सोबत जा, वेळ आधी ठरवा, अर्ध्या तासाच्या वर नको. ‘चमत्कारी मुलगा’ म्हणून मिरवायला बघणाऱ्यांपासून लांब राहा. आम्हाला अशा एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं, लेकाने नको म्हटलं, विषय संपला.

भूगोलाच्या सरांनी पहिल्या वर्षाच्या शेवटी त्याच्या सगळ्या वह्या मागितल्या. दहा दिवसांनी परत दिल्या त्या पेन्सिलीच्या खुणांसकट. नवज्याच्या एका ऑगस्टच्या आकड्यावर प्रश्नचिन्ह होतं. लेक दोन दिवस घुसमटला, मग जुने पेपर शोधायला वाचनालयात गेला. चूक त्याची नव्हती, पेपरात छापतानाची होती. त्याने कात्रणाची झेरॉक्स सरांना नेऊन दिली आणि त्यांनी खूण पुसली.

यंदा १ जूनला त्याने वही आखली तेव्हा पावसाच्या रकान्यांत एक रकाना वाढला होता. नवजा आणि महाबळेश्वरशेजारी त्याने माण तालुक्यातलं दहिवडी लिहिलं आहे. बहुतेक दिवस तिथे शून्य येतं. तो शून्यही पट्टी धरून, तितकाच गोल काढतो.